जिभेखालचा साबुदाणा

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरात जेवताना दोन विषय काढायचे नाहीत, असा अलिखित नियम आहे: धाकट्या काकांच्या वाटणीचा प्लॉट आणि डुकरं. प्लॉटचा विषय गणपतीत सगळे जमले की निघतोच. डुकरांचा निघाला की आजी ताट उचलून आतल्या खोलीत जाते. देवघरात दशावताराची तसबीर आहे, त्यात तिसरा वराह. त्यालाही ती रोज गंध लावते, हे मी एकदा तिच्या लक्षात आणून दिलं. "तो देव आहे. तुझी ती गटारातली," एवढंच म्हणाली.

मी पशुवैद्य आहे आणि गेली काही वर्षं डुकरांच्या आजारांवर काम करते. नोकरी कुठे ते सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर येणार आहे. सांगायचंय ते हे, की या कामासाठी पैसे कसे मागितले, कसे मिळाले आणि कशाला मिळाले नाहीत.

इंदूरला पशुवैद्यांची वाण नाही. जवळच्या महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावात वळणावळणावर कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत. डुक्कर मात्र शहरात औषधालाही सापडत नाही. माझ्या लहानपणी कान्ह नदीच्या काठाने, तेव्हा आम्ही तिला नालाच म्हणायचो, काळ्या डुकरांचे कळप फिरायचे. मग इंदूरने स्वच्छतेचं मनावर घेतलं, मोकाट डुकरं हटवली, आणि २०१७ पासून देशात पहिला नंबर सुरू झाला. इंदूरकर म्हणून मला त्याचा अभिमानच आहे. फक्त एक झालं, विद्यार्थ्यांना डुक्कर दाखवायचं तर गाडी काढून तासभर बाहेर जावं लागतं. आणि गाडीच्या डिझेलचे पैसे कोणत्या खात्यातून, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

२०२२च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्याच रीवा शहरात डुकरं पटापट मरायला लागली. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि उत्तर आलं, आफ्रिकन स्वाइन फीव्हर. २०२० साली हा विषाणू आसाम-अरुणाचलच्या बाजूने देशात शिरलेला. माणसाला काही करत नाही, पण डुकरांत शिरला की कळपच्या कळप आडवे करतो. औषध नाही, आपल्याकडे लस नाही. एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची, एवढाच इलाज.

आपल्याकडे आलंच तर, म्हणून मी इंटर्नशिपची चार मुलं घेऊन इंदूरच्या आसपासच्या वस्त्यांत रक्ताचे नमुने गोळा करायला निघाले. डुकराचं रक्त घ्यायचं तर आधी त्याला थांबवायला हवं. त्यासाठी पाइपच्या टोकाला वायरचा फास असतो. तो वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे अडकवायचा. एकदा बसला की डुक्कर स्वतःच मागे ओढत एका जागी उभं राहतं, आपण फक्त धरून राहायचं. आमच्यातल्या एका मुलीने तो खालच्या जबड्याला लावला. डुक्कर सुटलं, फास घेऊन पळालं, मागे आम्ही पाच जण, आणि सगळी वस्ती ओट्यावर बसून बघतेय. शेवटी एका दहा-बारा वर्षांच्या पोराने ते धरून आणलं आणि मुलीला विचारलं, "दीदी, आप सच में डॉक्टर हो?"

तिला हसण्यात अर्थ नव्हता. पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. तेवढ्या काळात म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायला सगळे शिकतात, कारण म्हैस दारात येते. डुकराकडे आपल्याला जावं लागतं. त्या रात्री मी अर्ज लिहायला बसले.

पहिला अर्ज सरळ होता: माळव्यातल्या गावांत डुकरांच्या तापांचं सर्वेक्षण आणि जोडीला विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण. शीर्षकात मी 'सूअर' लिहिलं होतं. टायपिंग करणाऱ्या भैयांनी आपणहून त्याचं 'शूकर' केलं, म्हणाले, "मॅडम, फाईल वर जाणार आहे." फाईल वर गेली आणि आठ महिन्यांनी खाली आली. परीक्षकाने २०१९च्या पशुगणनेचा दाखला दिला होता: देशात ९०.६ लाख डुकरं, २०१२च्या मानाने १२ टक्के कमी. त्यातली सर्वाधिक, २१ लाख, आसामात. तेव्हा हे काम ईशान्येकडच्या संस्थांनी करावं, मध्य प्रदेशात त्याचं औचित्य काय? आकडे सगळे बरोबर होते. पण घटतात म्हणून अभ्यास नको, हे तर्कशास्त्र मला आजही कळलेलं नाही. माणसं गाव सोडून जायला लागली की आपण दवाखाना बंद करतो, तसलाच प्रकार.

दुसऱ्या अर्जाला मी दिशाच बदलली. ताप सोडून पट्टकृमी धरला.

हा किडा माणसाच्या आतड्यात राहतो, बहुतेकदा काही त्रासही देत नाही. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची घाण डुक्कर खातं आणि त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्याच्या मांसात जाऊन गाठी करून बसतात. ते मांस अर्धकच्चं खाल्लं की माणसाच्या पोटात पुन्हा किडा. इथपर्यंत बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. तीच अंडी न धुतलेल्या हातावरून किंवा कोथिंबिरीवरून माणसाच्या पोटात गेली, तर गाठी माणसाच्या अंगात होतात आणि मेंदूत झाल्या की फिट्स येतात. यासाठी डुकराचं मांस खायला लागत नाही. जन्मात अंडंही न खाल्लेल्या माणसाला होऊ शकतं, आणि होतं.

समितीपुढे मला दहा मिनिटं मिळाली. पाच माणसं, मधोमध सुकामेव्याच्या बशा. चौथ्या स्लाइडवर एका ज्येष्ठ सदस्यांनी हात वर केला. सौम्य आवाज, शुद्ध हिंदी. मांसाहार न करणाऱ्या समाजाच्या पैशातून हे का व्हावं, असं काहीसं विचारत होते. मी तयारी केलेलं उत्तर विसरले. म्हटलं, "सर, दुपारी जेवणात सॅलड होतं. मुळा कुठल्या मळ्यातला, कुठल्या पाण्याने धुतलेला, आपल्याला माहीत आहे का?" ते काही बोलले नाहीत. हातातला काजू तोंडापर्यंत नेलेला, तो परत बशीत ठेवला. मला वाटतं, माझा प्रकल्प त्या काजूवर मंजूर झाला.

मंजूर झाला म्हणजे निम्मा झाला. संशोधन सहायकाचा पगार, रसायनं आणि किट, प्रवास, किरकोळ खर्च, हे राहिलं. 'विद्यार्थी प्रशिक्षण' या ओळीवर काट. शेरा असा, की शिकवणं हे संशोधन नव्हे, ते महाविद्यालयाचं काम. मी फोनवर भांडले. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, नियमात तसा मदच नाही." मद म्हणजे खर्चाचं शीर्षक. इंदुरी मराठीत आम्ही तोच शब्द वापरतो, आणि कधी कधी दुसऱ्या अर्थानेही लागू पडतो.

पहिला हप्ता आला तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. ज्यांना सरकारी अनुदानाचा अनुभव आहे ते आत्ताच हसले असतील. ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, ते १२-अ नमुन्यात, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. पाच आठवड्यांत जाहिरात, मुलाखत, जेम या सरकारी पोर्टलवरून खरेदी आणि डुकरं. सहायक म्हणून निवडलेला मुलगा हुशार होता. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० मिळतात, वर घरभाडं, त्यामुळे अर्ज तरी बरे येतात. चार महिन्यांत त्याला सरकारी पशुवैद्याची नोकरी लागली. पेढे घेऊन आला, पाया पडला आणि गेला. त्याच्या जागी मीच मोटारसायकलवर मागे बसून वस्त्यांत जायला लागले.

किटची गोष्ट थोडक्यात. रक्तातला कृमीचा अंश ओळखणारं किट परदेशातून येतं आणि ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. कुरिअरने ते शनिवारी पोचवलं आणि आमचं कार्यालय बंद म्हणून परत नेऊन गोदामात ठेवलं. मे महिन्यातलं इंदूर. सोमवारी खोका उघडला तर आतले बर्फाचे पाऊच कोमट पाण्याच्या पिशव्या झालेले. भरपाईच्या पत्रव्यवहाराची फाईल किटच्या माहितीपत्रकापेक्षा जाड आहे आणि अजून वाढतेय.

नवीन किट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा आम्ही जुन्या पद्धतीने सुरुवात केली. जीभ तपासायची. ही पद्धत डॉक्टरांच्या आधी डुकरं विकत घेणाऱ्यांना माहीत असते. डुकराला आडवं पाडायचं, तोंडात लाकडाची आडवी पट्टी घालायची, फडक्याने जीभ धरून बाहेर ओढायची आणि तिच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवायचं. जीभ ओली, खरखरीत, जोराने आत ओढणारी. पहिल्या चाळीस डुकरांत काहीच नाही. मग एका संध्याकाळी, उजेड जाता जाता, बोटाखाली काहीतरी सरकलं. टॉर्च मारला. भिजवलेला साबुदाणा असतो ना, फुगलेला, अर्धपारदर्शक, मधे पांढरा ठिपका, अगदी तसा दाणा. शेजारी दुसरा. त्या मधल्या ठिपक्यात किड्याचं डोकं असतं.

ते वर्णन मी घरी करायला नको होतं. त्या गुरुवारी आजीने साबुदाण्याची खिचडी केली आणि ताटाकडे बघत बसली. तेव्हापासून उपासाला आमच्याकडे वरीचे तांदूळ असतात. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलो तरी ती त्या खिचडीच्या ठेल्याकडे पाठ करून उभी राहते.

जीभ पद्धत फुकट आहे, पण आंधळी आहे. गाठी भरपूर असतील तरच लागतात, थोड्या असतील तर डुक्कर बिनदोष ठरतं. किटचं उलटं: ते जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या एका पट्टकृमीलाही हो म्हणतं. म्हणून दोन्ही करायचं आणि मिळालेल्या आकड्यांकडे संशयाने बघायचं.

खरा पेच मात्र वेगळाच निघाला. ते डुक्कर एका विधवा बाईचं होतं. तिच्याकडे तीन डुकरं, त्यातलं हे सगळ्यांत मोठं, दिवाळीनंतर विकायचं ठरलेलं. मी तिला सांगितलं, की हे विकू नकोस. ती म्हणाली, "ठीक है। पैसे आप दोगे?" माझ्या मंजूर अंदाजपत्रकात रसायनांना पैसे होते, लॅपटॉपला होते, परिसंवादाला जायला होते. ज्या प्राण्यात रोग सापडेल त्याच्या मालकाला द्यायला एक रुपया नव्हता. म्हणजे आम्ही तिच्या दारात जाऊन, चहा पिऊन, तिचं डुक्कर बाद ठरवून परत येणार आणि निबंध छापणार.

औषध होतं. ऑक्सफेंडाझोलचा एकच डोस, किलोमागे ३० मिलिग्रॅम, मांसातल्या गाठी मारतो. पण त्या विरायला सुमारे तीन महिने लागतात. तेवढे महिने डुकराला खायला घालायचं कोणी? लसही आहे. मूळ संशोधन ऑस्ट्रेलियातलं, तयार करते हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स. आपल्याच देशात बनणारी लस आपल्याच गावात कोणी टोचत नाही, कारण डुक्कर पाळणाऱ्याला आजारी डुक्कर आजारी दिसतच नाही. ते खातं, पितं, वजन धरतं. नुकसान होतं ते तिसऱ्याच कुणाचं, ज्याला आठ वर्षांनी फिट येईल त्याचं. त्या बाईला तीन महिन्यांचा कोंडा मी माझ्या खिशातून दिला. हिशेबात तो कुठेच नाही, आणि हा मार्ग बरोबर आहे असंही मी म्हणत नाही. चाळीस बायका निघाल्या असत्या तर?

इकडे प्रशिक्षणाच्या पैशांचं तसंच पडलेलं. शोधता शोधता अमेरिकेतल्या डुकरांच्या पशुवैद्यांच्या संघटनेबद्दल वाचलं. १९६९ची संघटना, तिचं एक प्रतिष्ठान आहे. ते संशोधनाला पैसे देतंच, पण जो विद्यार्थी किमान दोन आठवडे डुकरांच्या डॉक्टरबरोबर राहून काम शिकेल, त्याला खर्चापोटी २०० ते ५०० डॉलरही देतं. हे पैसे ते कसे जमवतात? वार्षिक संमेलनात वस्तूंचा लिलाव करतात आणि गोल्फच्या स्पर्धा भरवतात. त्यांच्या एकट्या आयोवा राज्यात दोन कोटींहून जास्त डुकरं आहेत, आपल्या अख्ख्या देशाच्या दुप्पट. त्यांना परवडतं हे खरं. पण मला त्यातली रक्कम आवडली. पाचशे डॉलर म्हणजे चाळीसेक हजार. एवढ्यासाठी दिल्लीला हात पसरायची गरज नाही.

आधी एका ओळखीच्या धर्मादाय न्यासाकडे गेले. बाबांचे जुने स्नेही तिथे विश्वस्त. काकांनी बसवलं, काकूंनी पोहे आणले, वर शेव-जिरावण. काका सगळं ऐकून म्हणाले, "बेटा, काम चांगलंच आहे तुझं. पण गाईसाठी काही असेल तर सांग, आत्ता चेक फाडतो. डुकराची पावती कशी फाडू? वार्षिक सभेत वाचून दाखवावी लागते." मी म्हटलं, विद्यार्थ्यांच्या नावाने फाडा. ते म्हणाले, "विद्यार्थी करणार काय, ते विचारतील ना!" निघताना मला जबरदस्तीने पोह्यांचा डबा दिला. माणूस वाईट नाही.

शेवटी पैसे आले ते वर्गमित्रांकडून. आमच्या बॅचमधले निम्मे आता कुत्र्यांचे डॉक्टर आहेत, इंदूर, पुणे, वडोदरा. स्नेहमेळाव्यात जेवणानंतर गाणी व्हायची, त्याऐवजी मी लिलाव लावला. वस्तू काय, तर एका निवृत्त सरांचा स्टेथोस्कोप, वसतिगृहाच्या मेसची चेपलेली थाळी, आणि मी पहिल्या वर्षी नापास झालेली शरीररचनेची उत्तरपत्रिका, जी एका हरामखोराने जपून ठेवली होती. तीच सगळ्यांत महाग गेली. एकूण ६१,००० जमले. कोणी पावतीही मागितली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी कुठलाही नमुना न भरता पैसे घेतले.

त्यातून दोघींना पंजाबातल्या एका खासगी फार्मवर दोन आठवडे पाठवलं. त्यातली एक, खालच्या जबड्याला फास लावणारी. तिथे पोचल्यावर आधी दोन रात्री नुसत्या खोलीत बसवल्या, कारण इथली घाण तिकडे नको. मग अंघोळ करून, त्यांचेच कपडे-बूट घालून आत. तिचे मेसेज यायचे. डुकरीण ११४ दिवसांनी विते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, हे पुस्तकात वाचलं होतं. रात्री दोन वाजता चौदा पिल्लं एकामागून एक पुसून आईला लावताना पाठ झालं. तिसऱ्या दिवशी प्रत्येक पिल्लाला लोहाचं इंजेक्शन, नाहीतर पांढरीफटक पडतात. माजावर आलेली मादी पाठीवर दाब दिला की दगडासारखी उभी राहते. एकदा फक्त फोटो आला: जांभई देणारं पिल्लू, तिच्या तळहातात.

परत आल्यावर तिने मला सुती दोरीची युक्ती शिकवली. मी वाचलेली होती, केली नव्हती. रक्त काढायच्या भानगडीत न पडता, जाड सुती दोरी गोठ्यात डुकराच्या खांद्याच्या उंचीवर टांगायची. अर्ध्या तासात सगळी येऊन ती चघळतात, कुतूहलच दांडगं. मग दोरीचं टोक पिशवीत घालून पिळायचं, लाळ गोळा. तापाचे विषाणू त्यात सापडू शकतात. आम्ही ती जुन्या वस्तीत टांगली. डुक्कर पकडणारा तो पोरगा बघत होता, दोरीला लोंबकळणारं डुक्कर पाहून हसून लोळायला लागला. 'आप सच में डॉक्टर हो' हे त्याने यावेळी विचारलं नाही. आम्हाला दोऱ्या बांधू लागला.

दोऱ्या मी प्रकल्पातून घेतल्या होत्या, किरकोळ खर्चात. गेल्या महिन्यात लेखापरीक्षण झालं. किटच्या लाखांवर एकही प्रश्न नाही. बँकेने दिलेलं ४१७ रुपये व्याज सरकारच्या भारतकोश पोर्टलवर परत भरलं की नाही, यावर मात्र तीन पत्रं. आणि एक आक्षेप: 'सुती दोरी, ४० नग, प्रयोजन स्पष्ट करावे.'

मी आधी अर्धं पान लिहिलं, लाळ, विषाणू, नमुना संकलन वगैरे. मग ते फाडलं आणि एका ओळीत उत्तर दिलं: 'डुकरांना चघळण्यासाठी.'

फाईल चौथ्या दिवशी परत आली. खाली हिरव्या शाईत सही, आणि 'मान्य'.